विझर्ड्री (१९८१): तिसऱ्या मजल्यावर पडलेले पथक परत आणावे, की जुनी प्रत उघडावी?

मूळ लेख

गेले तीन महिने मी रोज रात्री तासभर 'विझर्ड्री: प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड' हा खेळ इम्युलेटरवर (जुना संगणक आजच्या संगणकावर चालवून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) खेळतो आहे. सर-टेक कंपनीने १९८१ साली ॲपल टू संगणकासाठी काढलेली मूळ आवृत्तीच मी मुद्दाम निवडली. मंगळवारी रात्री भुयाराच्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या पथकातील सहाही जण मारले गेले. पुढे काय करावे याचा निर्णय होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड हे कॉर्नेल विद्यापीठातले दोन विद्यार्थी याचे कर्ते. खेळातला दुष्ट जादूगार 'वर्डना' आणि त्याच्यामागे माणसे धाडणारा वेडा राजा 'ट्रेबोर' ही अँड्र्यू आणि रॉबर्ट या नावांची इंग्रजीत उलटी केलेली रूपे आहेत. वर किल्ला आणि त्याच्या खाली दहा मजली भुयार. प्रत्येक मजला २० गुणिले २०, म्हणजे ४०० चौकोनांचा. पडद्यावर समोरच्या भिंती फक्त पांढऱ्या रेषांनी दिसतात. नकाशा खेळात नाही, तो आपण कागदावर काढायचा. पथकात जास्तीत जास्त सहा जण असतात. पुढचे तिघे शस्त्राने लढतात, मागचे तिघे मंत्र आणि इतर कामे सांभाळतात. मंत्र निवडायला यादी नसते, पुस्तिकेत पाहून त्याचे नाव अक्षर अक्षर टाइप करावे लागते. कातिनो म्हटले की शत्रू झोपतो, हलितो म्हटले की अग्नी सुटतो, दिओस म्हटले की जखम भरते.

माझ्या सहा जणांना मी किल्ल्यांची नावे दिली होती. तोरणा, राजगड आणि सिंहगड हे योद्धे. हरिहर हा चोर. सज्जनगड हा पुरोहित आणि विशाळगड हा जादूगार. तीन महिन्यांत हे सगळे सहाव्या-सातव्या पातळीपर्यंत पोहोचले होते.

मंगळवारी आमच्याकडे एक कातिनो आणि दोन दिओस उरले होते, आणि तिसऱ्या मजल्याच्या पूर्वेकडचा एक दरवाजा उघडायचा राहिला होता. तो मी उघडला. आत जादूगारांची टोळी होती. त्यांनी लागोपाठ दोनदा माहलितो हा हलितोहून मोठा अग्निमंत्र सोडला आणि मागची रांग एका फेरीत संपली. पुरोहित गेल्यामुळे पुढच्या तिघांना बरे करणारा कोणी उरला नाही. तरीही त्या खोलीतून आम्ही पळ काढला. पण परतीच्या वाटेवर दुसरी झुंज लागली आणि तिच्यात तेही गेले.

या तीन महिन्यांत माझे एक मत पक्के झाले आहे. या खेळात लढाई जिंकण्याचे कसब दुय्यम आहे. कोणत्या चौकोनावरून परत फिरायचे हे ओळखणे हेच खरे कसब आहे. किल्ल्यावर परत जाऊन विश्रांती घेतल्याशिवाय खर्च झालेला एकही मंत्र परत मिळत नाही. म्हणून उरलेले मंत्र मोजायचे ते पुढच्या वाटेसाठी नव्हे, तर परतीच्या वाटेसाठी. सह्याद्रीत उन्हाळ्यात भटकणारा माणूस निम्मे पाणी संपले की कडा कितीही जवळ दिसला तरी मागे वळतो, तोच हा हिशेब आहे. मला तो ठाऊक होता, आणि मंगळवारी मी तो पाळला नाही.

आता प्रश्न असा. मेलेली माणसे या खेळात नाहीशी होत नाहीत. ती जिथे पडली तिथेच डिस्कवर नोंदली जातात, आणि नवे पथक त्या जागी पोहोचले तर त्यांना उचलून वर आणता येते. मात्र माझ्याकडे रविवारच्या डिस्कची प्रतही आहे. ती उघडली तर मंगळवारची रात्र घडलीच नाही असे होईल. जाणकारांनी आपापले मत सांगावे.

प्रतिसाद १

रविवारची प्रत उघडा, असे मी मनापासून सांगेन. दिवसभराच्या कामानंतर मिळणारा एक तास मौल्यवान असतो. नवे चौघे जण पहिल्या पातळीपासून वाढवून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेण्यात तुमचे पुढचे तीन-चार आठवडे जातील, आणि या काळात नवीन काहीही पाहायला मिळणार नाही. मी हा खेळ प्रती ठेवूनच पूर्ण केला आणि वर्डनाकडून ताईत (याच्यासाठीच सगळी मोहीम) घेऊन वर आलो तेव्हाचा माझा आनंद कोणत्याही अर्थाने कमी नव्हता. ज्या काळी हा खेळ नवा होता त्या काळीही लोक डिस्कच्या प्रती करून ठेवत, आणि पथक मरते आहे असे दिसताच डिस्क बाहेर ओढत. पात्रांचे गुण बदलून देणारे स्वतंत्र प्रोग्रामही तेव्हा बाजारात विकले जात होते.

प्रतिसाद २

प्रतिसाद १ मधील माहिती बरोबर आहे, पण तिचा दुसरा भागही सांगायला हवा. अशा प्रोग्राममुळे खेळाचा तोल बिघडतो आणि तो तोल साधायला आम्हाला अनेक वर्षे लागली आहेत, अशी भूमिका सर-टेकने त्या काळी उघडपणे घेतली होती. तो तोल म्हणजे धागालेखकांनी लिहिलेला परतीचा हिशेबच होय. प्रत हाताशी असली की तो दरवाजा उघडताना मनात काही होत नाही.

पण मला त्याहून महत्त्वाची शंका वेगळी आहे. तुमचे पथक नेमके कुठे पडले हे तुम्हाला खात्रीने ठाऊक आहे का? तिसऱ्या मजल्यावर खड्डे तर आहेतच, शिवाय फिरते चौकोन पुष्कळ आहेत. अशा चौकोनावर पाऊल पडले की पथकाचे तोंड कोणत्याही दिशेला वळते आणि खेळ त्याबद्दल एक शब्दही सांगत नाही. समोर दिसणारा बोळ तसाच असतो. आपण उत्तर समजून पूर्वेला चालत राहतो आणि कागदावर चुकीच्या बाजूला भिंती काढत जातो. मी शाळेत गणित शिकवतो आणि आलेख कागदावरच हे सगळे मजले काढले आहेत. माझ्या तिसऱ्या मजल्याच्या कागदावर इतकी खाडाखोड झाली की शेवटी मी तो पुन्हा नव्याने काढला.

यावर उपाय दुमापिक या मंत्राचा. जादूगाराच्या पहिल्याच पातळीचा हा मंत्र आहे. किल्ल्याच्या जिन्यापासून आपण किती चौकोन पूर्वेला, किती उत्तरेला आणि किती मजले खाली आहोत, तसेच तोंड कोणत्या दिशेला आहे, हे तो सांगतो. पण पहिल्या पातळीचे मंत्र मोजकेच, आणि कातिनोही त्याच पातळीचा. म्हणजे प्रत्येक दुमापिकमागे शत्रूला झोपवण्याची एक संधी आपण गमावतो. वाट कळणे आणि जिवंत राहणे या दोन गोष्टी एकाच थैलीतून खर्च कराव्या लागतात, ही रचना मला या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. धागालेखकांनी शेवटचा दुमापिक कुठे म्हटला होता, ते कृपया सांगावे.

धागालेखक

आपल्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. शेवटचा दुमापिक मी त्या दरवाज्याच्या बराच आधी, ११ पूर्व आणि ४ उत्तर या चौकोनावर म्हटला होता. त्यानंतरच्या वाटेत दोन चौफुल्या आहेत. आज रात्री कागद समोर ठेवून पाहिले, तर दुसऱ्या चौफुलीनंतर मी काढलेला बोळ आणि गेल्या आठवड्यात दुसऱ्या बाजूने येऊन काढलेली खोली एकमेकांवर चढतात. तिथे भिंत असायला हवी आणि माझ्या नोंदीप्रमाणे मी त्या भिंतीतून चालत गेलो आहे. दुसरी चौफुली फिरती असणार. माझे पथक मी समजतो त्या जागी नाही.

प्रतिसाद ३

नोकरीनिमित्त मी जपानमध्ये राहतो, त्यामुळे या धाग्यात थोडी भर घालतो. अमेरिकेत या खेळाची आठवण प्रामुख्याने जुन्या पिढीकडे आहे, पण जपानमध्ये ही परंपरा कधीच खंडित झाली नाही. १९८६ साली निघालेला 'ड्रॅगन क्वेस्ट' हा जपानी खेळ घडवताना युजी होरी यांच्यासमोर 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन खेळ होते. १९८७ साली 'विझर्ड्री' निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रावर आला तेव्हा त्यातील राक्षसांची चित्रे जून सुएमी यांनी काढली आणि संगीत केंतारो हानेदा यांनी दिले. मूळ खेळात पांढऱ्या रेषा आणि शांतता होती. जपानी खेळाडूंना त्याच भुयाराची ओळख एका गंभीर, देखण्या रूपात झाली.

याचा एक विलक्षण परिणाम झाला. मूळ कर्त्यांनी खेळात थट्टेच्या पुष्कळ जागा ठेवल्या होत्या. त्यातल्या एका जबरदस्त तलवारीला त्यांनी 'ब्लेड क्युसिनार्ट' असे नाव दिले, ते अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात भाज्या चिरणाऱ्या प्रसिद्ध यंत्रावरून. जपानी वाचकाला ते यंत्र ठाऊक नव्हते, म्हणून त्याने क्युसिनार्ट हा कुणीतरी थोर लोहार असावा असे समजून त्या तलवारीला आदराचे स्थान दिले. मला हा गैरसमज फार आवडतो, कारण त्यातून त्या वाचकाची खेळावरची श्रद्धा दिसते.

धागालेखकांच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध असा, की नकाशा स्वतः काढण्याचे महत्त्व जपानने नेमके ओळखले. २००७ साली ॲटलस कंपनीने निन्टेंडो डीएस या दोन पडद्यांच्या खेळयंत्रासाठी 'सेकाइजू नो मेइक्यू' हा खेळ काढला. इंग्रजीत तो 'एट्रियन ओडिसी' म्हणून ओळखला जातो. त्यात वरच्या पडद्यावर भुयार दिसते आणि खालच्या पडद्यावर खेळाडूने लेखणीने भिंती काढायच्या असतात. यंत्राला नकाशा आपोआप दाखवणे सहज शक्य असूनही त्यांनी ते काम खेळाडूच्या हाताकडेच ठेवले. माझे मत विचाराल तर दुसरे पथक पाठवा. तुमची चूक कागदावर झाली आहे, तेव्हा ती कागदावरच दुरुस्त होऊ द्या.

प्रतिसाद ४

मी 'रोग' आणि 'नेटहॅक' हे भुयारांतले खेळ खेळणारा आहे आणि 'विझर्ड्री' मला कधी फारसा भावला नाही, हे आधीच नमूद करतो. १९८० च्या 'रोग'मध्ये दर खेपेस भुयार नव्याने घडते आणि माणूस मेला की त्याचा डाव कायमचा संपतो. तिथे नकाशा जपून ठेवण्यात अर्थ नसतो. शिकलेले सगळे फक्त आपल्या डोक्यात उरते. 'विझर्ड्री'त मात्र भुयार तेच राहते आणि माणसे बदलतात. त्यामुळे आठवीच्या वहीसारखा तो कागद जपावा लागतो आणि तेच बोळ शंभरदा तुडवावे लागतात, हे मला कंटाळवाणे वाटते.

तरीही हा धागा वाचून एक गोष्ट मान्य करतो. 'नेटहॅक'मध्ये कधी कधी आपल्याच जुन्या, मेलेल्या पात्राचा मजला पुन्हा समोर येतो. त्याचे सामान आणि त्याचे भूतही तिथे असते. तो क्षण मला त्या खेळात सर्वांत प्रिय आहे. पण तिथे आपण त्या पात्राचे सामान उचलतो, त्याला परत आणू शकत नाही. ते इथे शक्य आहे, आणि ते करून पाहण्याची संधी तुमच्यासमोर आयती आली आहे.

प्रतिसाद ५

दुसरे पथक पाठवायचे ठरलेच असेल, तर त्याची बांधणी कशी करावी हे अनुभवावरून लिहितो.

पथक सहा जणांचे करू नका. वर आणायच्या माणसालाही पथकात जागा लागते, म्हणून चौघांनीच उतरावे आणि प्रत्येक खेपेला दोघांना आणावे. म्हणजे सहा जणांसाठी तीन खेपा होतात. चौघांत दोन योद्धे, एक पुरोहित आणि एक जादूगार ठेवा. तिसरा पुढच्या रांगेत उभा राहणार, आणि ती जागा पुरोहिताला द्या. त्याला बऱ्यापैकी चिलखत घालता येते, जादूगाराला घालता येत नाही. चोर नको. वाटेतल्या पेट्या उघडूच नयेत, असा नियम करून टाका. पेटीतल्या सापळ्याने परतीच्या वाटेवर विषबाधा झाली की प्रत्येक पावलागणिक जीव कमी होत जातो, आणि विष उतरवणारा लातुमोफिस हा मंत्र एवढ्या लहान पुरोहिताजवळ नसतो.

पातळी वाढवण्यासाठी पहिल्या मजल्यावरची मर्फीची भुते सोयीची. ती एकाच ठरावीक जागी पुन्हा पुन्हा भेटतात, त्यांच्यावर वार लागणे कठीण असते, पण त्यांचा मारा सौम्य असतो आणि त्या मानाने अनुभवगुण भरपूर मिळतात. मी तिथे अनेक संध्याकाळी घालवल्या आहेत. वर आल्यावर धर्मशाळेत पैसे खर्चू नका. तबेल्यात फुकट झोपता येते. तिथे जखमा भरत नाहीत, पण मंत्र परत मिळतात. उठल्यावर पुरोहिताने दिओस म्हणून सर्वांना बरे करावे आणि पुन्हा तबेल्यात झोपावे. सोन्याचे एक नाणेही जात नाही, आणि ते सोने तुम्हाला पुढे देवळात लागणार आहे.

देवळाबद्दल सावध करतो. कॅन्टच्या देवळात मेलेल्याला उठवण्याची दक्षिणा त्याच्या पातळीप्रमाणे वाढते, आणि ती भरूनही प्रयोग फसू शकतो. एकदा फसला की माणसाची राख होते. राखेवरचा प्रयोग फसला की तो कायमचा गेला. त्याचे नाव यादीतून पुसले जाते. उठवण्याचे मंत्र पुरोहितालाही मिळतात, पण दि हा मंत्रांच्या पाचव्या पातळीचा आणि कादोर्तो सातव्या पातळीचा आहे, आणि मंत्रांची पातळी ही माणसाच्या पातळीहून वेगळी, बरीच उशिरा हाती येणारी. तुमचे नवे पथक तिथवर पोहोचेपर्यंत थांबणे व्यवहार्य नाही.

प्रतिसाद ६

थोडे विषयाच्या कडेचे, पण आवश्यक. ज्यांना इम्युलेटर नको असेल त्यांच्यासाठी डिजिटल इक्लिप्स या कंपनीने याच खेळाची नवी आवृत्ती मे २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केली आहे. ती मूळ ॲपल टू प्रोग्रामवरच उभी आहे आणि खेळताना जुना पडदाही शेजारी पाहता येतो. विनिफ्रेड फिलिप्स यांनी तिला दिलेल्या संगीताला २०२५ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तिच्यात नकाशा आपोआप तयार होतो, आणि म्हणूनच मी तिथे फिरत्या चौकोनांना कधी घाबरलो नाही. आज प्रतिसाद २ वाचल्यावर मी कशाला मुकलो ते कळले. ग्रीनबर्ग यांचे निधन याच २०२४ साली झाले. या धाग्यावर त्यांची आठवण निघावी असे वाटले म्हणून लिहिले.

धागालेखक

सर्वांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती येईपर्यंत लिहायचे नाही असे ठरवले होते.

रविवारची प्रत मी उघडली नाही. प्रतिसाद ५ प्रमाणे चौघांचे पथक केले: पुरंदर आणि प्रतापगड हे योद्धे, शिवथर हा पुरोहित आणि रांगणा हा जादूगार. मर्फीच्या भुतांवर त्यांना पाचव्या पातळीपर्यंत वाढवले. त्याच काळात तिसऱ्या मजल्याचा कागद नव्याने काढायला घेतला. दुसऱ्या चौफुलीवर त्या रात्री माझे तोंड चारपैकी कोणत्याही दिशेला वळलेले असू शकत होते, म्हणून पुढची सगळी पावले चारही दिशांना धरून चार वेगळ्या कागदांवर काढली. दोन कागदांवर ती वाट आधीच पक्क्या ठाऊक असलेल्या भिंतींना धडकली, म्हणून ते बाद झाले. तिसरा कागद माझ्या मूळ समजुतीचा आणि तोही त्याच कारणाने चुकीचा. उरलेला चौथा कागद सांगत होता की मी उत्तरेकडे नव्हे, पश्चिमेकडे गेलो होतो.

भुयारातल्या लिफ्टने थेट तिसऱ्या मजल्यावर उतरलो. प्रत्येक चौफुलीनंतर रांगणाने दुमापिक म्हटला. त्यासाठी कातिनोंवर पाणी सोडले आणि लढण्याऐवजी बहुतेक वेळा पळालो. पहिल्या दिवशी वाट बरोबर निघाली, पण शेवटचा दुमापिक संपला तेव्हा आम्ही अपेक्षित जागेपासून सहा चौकोनांवर होतो. तिथून परत फिरलो. मंगळवारच्या त्या रात्रीनंतर हे सहा चौकोन न चालणे मला फार कठीण गेले, हे नमूद करायला हवे.

दुसऱ्या दिवशी त्या जागी पोहोचून शोध घेण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावर सहा नावे उमटली. सज्जनगड आणि विशाळगड यांना आधी उचलले, कारण मंत्र त्यांच्याजवळ होते. पुढच्या दोन खेपांत तोरणा, राजगड, सिंहगड आणि हरिहर वर आले. तिसऱ्या खेपेत प्रतापगड केवळ दोन हिट पॉइंटांवर, म्हणजे जेमतेम जीव उरलेला, किल्ल्यात पोहोचला.

देवळात सज्जनगड, तोरणा, राजगड आणि विशाळगड पहिल्याच प्रयोगात उठले. सिंहगडाची राख झाली. सोने संपले होते, म्हणून चार दिवस पुन्हा भुते मारली आणि मग तो राखेतून उठला. हरिहरचीही राख झाली, आणि त्याच्यावरचा दुसरा प्रयोग फसला. यादीत आता त्याचे नाव नाही. दुसऱ्या मजल्यावरचा बेडकाचा पुतळा आणि अस्वलाचा पुतळा दोन्ही त्यानेच वाहून आणले होते.

गणिताच्या सरांना कळवतो की दुसऱ्या चौफुलीवर मी आता लाल शाईने वर्तुळ काढले आहे, आणि खालच्या कडेला त्या चारही कागदांची वाट लहान अक्षरांत उतरवून ठेवली आहे. नव्या चोराचे नाव अलंग ठेवले असून तो सध्या दुसऱ्या पातळीवर आहे. त्या जादूगारांच्या खोलीचा दरवाजा अजून तसाच आहे. विशाळगडाजवळ या वेळी किमान चार कातिनो असतील तरच तो उघडायचा, असे ठरवले आहे.